मूकपटातले कुत्र्याचे रडणे

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाला वास्तववाद शिकवताना मी एक उदाहरण नेहमी देत असे. 1925 साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढलेला 'सावकारी पाश' हा मूकपट. त्यात मंद उजेडात, दुरून घेतलेली एक ओकीबोकी झोपडी. आणि त्या शांततेत रडणारे कुत्रे. भारतीय चित्रपटातला वास्तववाद इथे जन्माला आला, असे म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. वाक्य माझे नव्हते. बऱ्याच पुस्तकांतून ते हिंडत हिंडत माझ्यापर्यंत आले होते आणि मी ते पुढे ढकलत होतो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने अगदी साधेपणाने विचारले, "सर, मूकपट होता ना? मग कुत्रे रडलेले ऐकू कसे आले?"

वर्ग हसला, मीही हसलो. वेळ निभावण्यासाठी उत्तर दिले की मूकपट निमूटपणे कधीच दाखवले जात नसत. पडद्याजवळ पेटी-तबला असे, वाद्यांचा ताफा असे, कुणीतरी प्रसंगानुसार आवाजही काढत असे. शिवाय मान वर करून तोंड उघडलेले कुत्रे दिसले की आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्याचे रडणे ऐकू येतेच. घराजवळ कुत्रे रडणे म्हणजे काय, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. उत्तर वाईट नव्हते. पण त्यातला एक शब्दही मी तपासलेला नव्हता, आणि ती मुलगी ज्या नजरेने पाहत होती ती मला पुढे बरेच दिवस टोचत राहिली.

म्हणून मूळ शोधले. ती झोपडी आणि ते कुत्रे आपल्यापर्यंत येतात ते निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणीतून. आणि वाडिया जे सांगतात ते आपण सांगतो त्याहून वेगळे आहे. मूक 'सावकारी पाश' आपल्याला अंधूकसा आठवतो, असे ते म्हणतात; बाबुराव पेंटर हा केवढा कलावंत आहे हे आपल्याला कळले ते त्याच कथेचा बोलपट पाहिल्यावर; आणि त्या ओघात ते झोपडी, मंद प्रकाश आणि कुत्र्याचे रडणे यांची आठवण काढतात. म्हणजे हे कुत्रे 1925 सालचे नाही, 1936 सालचे आहे. ते रडले आणि ऐकू आले, कारण तोवर चित्रपटाला कंठ फुटला होता. मधल्या कुणीतरी पहिले अर्धे वाक्य गाळले, दुसरे ठेवले, आणि एका बोलपटातला आवाज अकरा वर्षे मागे नेऊन एका मूकपटाला चिकटवला.

चूक तशी किरकोळ म्हणता येईल. दिग्दर्शक तोच, कथा तीच. परंतु या चुकीमागे एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्याच्या मूकपटांपैकी फारच थोडे, तेही तुकड्यातुकड्यांनी, उरले आहे त्या दिग्दर्शकाचे मोठेपण आपण कशाच्या आधारे सांगतो? दादासाहेब फाळक्यांचे 'कालिया मर्दन' आपण आज पाहू शकतो, 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळे पाहू शकतो, त्यावर वाद घालू शकतो. बाबुराव पेंटरांच्या बाबतीत 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' या 1927 सालच्या चित्रपटांचे अवशेष वगळले तर 'सैरंध्री', 'सिंहगड', 'सावकारी पाश' ही सारी नावे म्हणजे निव्वळ ऐकीव माहिती. मराठी अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही. गणपतराव जोश्यांचा 'विकारविलसित'मधला हॅम्लेट आपल्यापैकी कुणी पाहिला आहे? तरी त्याविषयी आपण ठामपणे बोलतो. आपल्या रंगभूमीचा इतिहास हा बव्हंशी भारावलेल्या प्रेक्षकांच्या आठवणींचा इतिहास आहे. फरक एवढाच की नट गेला की त्याची भूमिका जाणार हे गृहीतच होते. चित्रपट मात्र टिकण्यासाठीच जन्मलेला होता, आणि तो टिकला नाही.

बाबुराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. आडनावातच घरचा धंदा सांगितलेला आहे. वडील सुतारकाम, कोरीवकाम यांत वाकबगार. मुलाचे शालेय शिक्षण बेताचेच, पण हातात लाकूड, माती, रंग आणि लोखंड हे सारे लहानपणापासून खेळलेले. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले, आणि त्या कामाने 'मेस्त्री'चे 'पेंटर' झाले. हे शाहू महाराजांचे कोल्हापूर होते. गाण्यात अल्लादिया खाँ, चित्रकलेत आबालाल रहिमान, तालमीत पैलवान आणि 1915 साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर. (हेच पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह; 2024 च्या ऑगस्टमध्ये ते आगीत सापडले तेव्हा कोल्हापूरकर ज्या तऱ्हेने हळहळले ते ज्यांनी पाहिले, त्यांना या गावाचे आणि रंगभूमीचे नाते निराळे समजावून सांगायला नको.) असल्या गावात पडदे रंगवणारा माणूस हा कारागीर असतोच, पण त्याला प्रतिष्ठाही असते.

फाळक्यांचे चित्रपट पाहून या दोघा भावांना वेड लागले. पैसे नव्हते, विलायतेतून कॅमेरा आणण्याची ऐपत नव्हती. तेव्हा मुंबईच्या बाजारातून जुना प्रक्षेपक आणायचा, तो उघडून चित्र पडद्यावर पडते कसे हे समजून घ्यायचे, आणि त्याच्या उलट दिशेने विचार करत कॅमेरा बनवायचा, असा हा मेस्त्री घराण्याला शोभेल असा उद्योग होता. 1916 साली आनंदराव वारले. काम निम्म्यावर होते. बाबुरावांनी ते विष्णुपंत दामले या शिष्याच्या मदतीने तडीस नेले आणि 1918 च्या सुमारास कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू झाला. याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिच्या भांडवलाला हातभार लावणाऱ्यांत तानीबाई कागलकर या गायिका होत्या, ही गोष्ट आपले इतिहासकार एका ओळीत उरकतात. अल्लादिया खाँसाहेबांच्या एका शिष्येने आपल्या कमाईतला पैसा एका पडदे रंगवणाऱ्याच्या हातच्या यंत्रावर लावावा, हा त्या काळच्या कोल्हापूरविषयी बरेच काही सांगणारा व्यवहार आहे.

पहिला चित्रपट 'सैरंध्री', 1920. विषय कीचकवधाचा. मराठीच्या विद्यार्थ्याला इथे थांबलेच पाहिजे. कृ. प्र. खाडिलकरांचे 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आले आणि 1910 साली सरकारने त्यावर बंदी घातली, कारण कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. बंदी येऊन दहा वर्षे झाली असताना तोच प्रसंग, शब्दांवाचून, पडद्यावर येतो. राजद्रोहाचे कलम लावायला संवाद नाहीत. आहे ती केवळ भीमाची मूठ आणि कीचकाची गत. 'सैरंध्री' पुण्यात झळकला तेव्हा लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. तिचा नेहमी उल्लेख होतो तो कलेच्या गौरवाचा दाखला म्हणून. मला वाटते टिळकांनी त्या पडद्यावर जे वाचले असेल त्यात कलेबरोबर आणखीही काही होते. कीचकाच्या वधाचे चित्रण फारच अंगावर येणारे आहे म्हणून त्याला कात्री लागली, हेही याच संदर्भात पाहायला हवे. चित्रपटांच्या तपासणीचा कायदा 1918 सालचा, मुंबईचे तपासणी मंडळ 1920 सालचे. म्हणजे ही कात्री नुकतीच कुठे धार लावून बाहेर पडली होती.

'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नावे मिळाली. फाळक्यांनी 1913 साली 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांना आणले होते, तेव्हा हे अगदी पहिले नव्हते. परंतु ज्या काळी बालगंधर्वांचे स्त्रीरूप हे स्त्रीत्वाचे प्रमाण मानले जात होते, त्या काळी नाटकाच्या गावातल्या एका पडदेवाल्याने असे ठरवणे यामागे सुधारणेच्या तत्त्वापेक्षाही डोळा होता, असे मला वाटते. रंगमंचावर शंभर फुटांवरून जे चालून जाते ते कॅमेऱ्यापुढे चालत नाही, हे चित्रकाराच्या डोळ्याला आधी कळते. त्या दोघींना मात्र या निर्णयाची किंमत समाजात मोजावी लागली.

हाच डोळा दुसरीकडेही दिसतो. बाबुरावांनी चित्रपटातून रंगवलेले पडदे हद्दपार केले आणि घडीव, लांबी-रुंदी-खोली असलेले देखावे उभे केले. ज्या कौशल्याने पोट भरले, ज्याने नाव दिले, तेच कौशल्य कॅमेऱ्यापुढे खोटे ठरते हे त्यांनी ओळखले. प्रसंगाची, पोशाखाची, पात्राच्या उभे राहण्याची रेखाटने ते आधी करत आणि मग चित्रण. 'सिंहगड' (1923) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. त्या काळी चित्रण उन्हात, डोक्यावर पांढरे कापड ताणून होत असे. सूर्य मावळला की काम बंद. पण तानाजीची गोष्ट रात्रीची आहे. उन्हात घेतलेला सिंहगडाचा छापा हे प्रेक्षकाने चालवून घेतलेही असते, मेस्त्रीने नाही.

'सिंहगड'ला आधार हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीचा, आणि 'सावकारी पाश'ची कथा नारायण हरि आपट्यांची. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत या दोघांची अदलाबदल दरवर्षी होते, त्यात आता चित्रपटांचीही भर पडावी. विनोद बाजूला ठेवला तर दोन वर्षांच्या अंतराने एक दिग्दर्शक मराठी कादंबरीच्या दोन पिढ्यांकडे जातो, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासाने नोंदवण्यासारखी आहे. नारायण हरि आपटे हे पुढे 'अमृतमंथन' (1934) आणि 'कुंकू' (1937) यांमुळे चित्रपटाचे लेखक म्हणून ओळखले गेले. ते दार 1925 साली कोल्हापुरात उघडले होते.

'सावकारी पाश'ची गोष्ट थोडक्यात अशी. सावकार खोट्या कागदाच्या बळावर शेतकऱ्याची जमीन गिळतो. शेतकरी शहरात जातो आणि गिरणीचा मजूर होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. महाराष्ट्राला हा विषय नवा नव्हता. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यातून 1879 सालचा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. 1883 साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याहून मागे जायचे तर आपल्या हिश्श्याचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडवणारे तुकोबा आहेतच. कागद हा आपल्या ग्रामीण कल्पनाविश्वातला फार जुना खलनायक आहे. आणि इथे मूकपटाची गंमत पाहा: ज्याला वाचता येत नाही त्याची ही शोकांतिका ज्या प्रेक्षकांपुढे दाखवली जात होती, त्यांच्यापैकी कित्येकांना पडद्यावरच्या अक्षरांच्या पाट्याही दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्याव्या लागत.

चित्रपट चालला नाही. देवादिकांचे चमत्कार आणि मराठ्यांचे शौर्य पाहायला आलेल्या प्रेक्षकाला स्वतःच्याच दाराशी उभा असलेला सावकार पडद्यावर नको होता. बाबुराव पुन्हा पुराण-इतिहासाकडे वळले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कुत्रे काढून घेतले तर 1925 च्या 'सावकारी पाश'च्या वास्तववादाचा पुरावा काय उरतो? विषय उरतो. पण विषय म्हणजे वास्तववाद नव्हे. शेतकऱ्याच्या दैन्यावर अत्यंत खोटे, भडक लेखन करता येते आणि आपल्याकडे ते विपुल झाले आहे. माझ्या मते पुरावा चित्रपटाच्या आत शोधण्याऐवजी त्याच्या भोवती शोधावा लागेल. घडीव देखावे, प्रकाशावरची हुकमत, आधी केलेली रेखाटने, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया: हे निर्णय 'सावकारी पाश'च्या आधीचे आहेत आणि ते कुठल्याही सामाजिक मतातून आलेले नाहीत. ते हाताला आणि डोळ्याला खोटे सहन न झाल्यामुळे आलेले आहेत. पुराणकथा करतानाही हा माणूस खांब खरा उभा करत होता. तेव्हा बाबुरावांनी 1925 साली एकाएकी वास्तववादाचा शोध लावला, या पाठ्यपुस्तकी विधानापेक्षा असे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते की त्यांची कारागिरी आधीपासून खरेपणाची भुकेली होती. तिला त्या वर्षी तिच्याजोगा विषय भेटला, आणि प्रेक्षकाने तो परत पाठवला.

दुसरा पुरावा माणसांचा. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही सारी या कंपनीत तयार झालेली मंडळी. कंपनी म्हणजे शाळाच होती, आणि तिथे कुणाला एकच काम नसे; नट झाडूही मारी, सुतार कॅमेराही धरी. 1927 साली शांतारामांनी इथेच 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला, तर 1928 साली दामले-फत्तेलालांनी 'महारथी कर्ण'. बाबुराव मात्र आपल्या गतीने चालणारे. मनाजोगते जमले नाही तर चित्रण थांबे, आणि थांबलेल्या चित्रणाचा खर्च थांबत नसे. कलावंताच्या अशा स्वभावाचे आपण नंतर कौतुक करतो, पण त्याच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम करणाऱ्या, स्वतःही काही करू पाहणाऱ्या तिशीतल्या माणसांना तो स्वभाव जाचतो. 1929 साली हे चौघे बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर कोल्हापुरातच 'प्रभात' उभी राहिली. याला गुरुद्रोह म्हणणारे तेव्हाही होते. मला त्यात वावगे दिसत नाही. पण बाबुरावांची बाजू दुखावलेल्या माणसाची बाजू होती, हेही विसरता कामा नये. त्यांनी 1930 साली 'लंका' काढला, आणि मग बोलपट आला.

बोलपटाविषयी त्यांना उत्साह नव्हता. इतक्या कष्टाने घडवलेली दृश्याची संस्कृती बोलण्याच्या पुरात वाहून जाईल, अशी त्यांची भीती होती. आरंभीचे बोलपट पाहिले तर ती अनाठायी म्हणता येत नाही; चाळीस-चाळीस गाणी आणि एका जागी खिळलेला कॅमेरा. कंपनी बंद पडली. पुढे कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी 'उषा' (1935), 'सावकारी पाश' (1936) आणि 'प्रतिभा' (1937) केले.

त्या 1936 सालाकडे जरा पाहा. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' त्याच वर्षीचा. तो पुढल्या वर्षी व्हेनिसला गाजला आणि आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. आवलीचे घर, तिची म्हैस, अंगणातला उजेड यांत जो साधा खरेपणा आहे तो कुठून आला याचा शोध घेतला तर वाट कोल्हापूरच्या त्या जुन्या कंपनीपाशी जाते. शिष्य कीर्तीच्या शिखरावर असताना गुरू त्याच वर्षी, अकरा वर्षांपूर्वी हरलेली आपली लढाई पुन्हा लढत होता. तीच कथा, तोच सावकार. आणि ज्या ध्वनीवर त्याचा विश्वास नव्हता, त्याच ध्वनीचा त्याने असा वापर केला की एका जाणत्या प्रेक्षकाच्या मनात संवादांऐवजी, गाण्यांऐवजी एका कुत्र्याचे रडणे राहिले. आवाज वापरायचा तर असा, आणि एवढाच: बोलपटावरची बाबुरावांची टीका मला त्यांच्या कुठल्याही विधानापेक्षा इथे अधिक ऐकू येते. आपण ते कुत्रे मूकपटात नेऊन बसवले तेव्हा केवळ साल चुकवले नाही, हा सगळा अर्थच पुसून टाकला.

नंतरचे थोडेच सांगण्यासारखे आहे. 'लोकशाहीर रामजोशी' (1947) हा शांतारामांच्या राजकमलचा चित्रपट. त्याच्या दिग्दर्शनात शांतारामांबरोबर बाबुरावांचे नाव आहे. शिष्याच्या संस्थेत गुरूने काम करावे आणि नामावलीत दोघांची नावे शेजारी यावीत, यात एक मिटवामिटव असावी असे वाटून जाते. तीही पूर्ण झाली असे नाही, कारण चित्रपट सुरुवातीपासून अखेरपर्यंत बाबुरावांच्या हाती राहिला नाही. 1952 साली 'विश्वामित्र'. एरवी चित्र आणि शिल्प, म्हणजे जिथून निघाले तिथेच. 16 जानेवारी 1954 रोजी ते वारले.

त्यांच्या मूकपटांपैकी 'कल्याण खजिना'चे (1924) भित्तिचित्र उरले आहे. जाहिरातीसाठी केलेला, भिंतीवर डकवून पावसात भिजू द्यायचा कागद टिकला आणि ज्याची ती जाहिरात होती ते नाहीसे झाले. 2003 सालच्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला लागलेल्या आगीत नायट्रेटवरच्या कितीतरी जुन्या प्रती जळाल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत चार दिवस हळहळ झाली. पण बाबुरावांचे बहुतेक चित्रपट त्याच्या फार आधी, कुणाला न कळता संपलेले होते.

तो प्रश्न विचारणारी मुलगी आता स्वतः एका महाविद्यालयात शिकवते. मागे भेटली तेव्हा मी तिला वाडियांची ती आठवण पूर्ण सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, मग 1925 च्या चित्रपटात ती झोपडी होती की नव्हती?"

झोपडी असणारच, शेतकऱ्याची गोष्ट आहे, मी म्हणालो.

"तिच्यावर उजेड कसा होता ते विचारतेय मी," ती म्हणाली.